छतातला दिवा आणि मेलेली बॅटरी: प्रकल्प नोंदी

गाडी २०१२ ची, पेट्रोल हॅचबॅक, दुसऱ्या हातानं घेतलेली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरासमोर बोळातच उभी असते, वर पत्राबित्रा काही नाही. छताच्या पुढच्या बाजूला, आरशाच्या मागं, एक दिवा आहे. त्याला तीन खटके: बंद, दार, चालू. खटका ‘दार’वर असला की दार उघडल्यावर दिवा लागतो आणि लावल्यावर पाच-सहा सेकंद थांबून मावळत विझतो. आमचा खटका कायम ‘दार’वरच. आत १० वॉटचा लांबट बल्ब आहे, दोन्ही टोकांना टोप्या असलेला. हा दिवा दुरुस्त करायला पाच आठवडे लागले. त्यातले तीन माझ्याच चुकांनी गेले, म्हणून हे लिहून ठेवतोय.

७ जुलै, रविवार

सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक् टक्. चार दिवस गाडी हलली नव्हती. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायर जोडून चालू केली आणि तशीच शिवाजी उद्यमनगरात एका इलेक्ट्रिशियनकडं नेली. त्यानं लोड टेस्टर लावला, काटा खाली गेला. “बॅटरी बसलीय. किती वर्षं झाली?” म्हटलं चार. “मग काय तर!” जुनी देऊन नवीन ३५ एएचची (अँपिअर-तास) घेतली, ४३०० रुपये.

त्याचं फार चुकलं असं म्हणवत नाही, चार वर्षांची बॅटरी होतीच. पण अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) किती व्होल्ट देतोय आणि गाडी बंद असताना किती करंट जातोय, हे दोन आकडे मी त्याला बघायला सांगायला हवे होते. दहा मिनिटांचं काम होतं.

१३ जुलै, शनिवार

नवी बॅटरीही गेली. बुधवारी रात्री गाडी लावली होती, आज सकाळी टर्मिनलवर ११.४ व्होल्ट. म्हणजे कुठंतरी गळती आहे. मित्राचा चार्जर आणून रात्रभर लावला.

१४ जुलै, रविवार

गळती मोजायचं ठरवलं. माझ्याकडं पिवळा, अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर आहे. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मीटर लावला. रेंज २०० मिलिअँपिअर, कारण मला वाटलं गळती ती किती असणार. आकडा ०.०. अर्धा तास वाट बघितली, तरी ०.०. मीटर तसाच मध्ये ठेवून वर प्लास्टिक झाकलं आणि रात्रभर सोडला. म्हटलं सकाळी बॅटरी बघू.

१५ जुलै, सोमवार

मीटर काढून टर्मिनल लावलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू! गळती नाही, नवी बॅटरी नीट चार्ज झालेली नसणार, असं स्वतःला पटवलं आणि कामावर गेलो.

इथं काय झालं होतं ते दोन दिवसांनी कळलं, पण नोंद इथंच करतो. बॉनेटचा खटका ओढायला मी ड्रायव्हरचं दार उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं. मीटर जोडल्या क्षणी छतातल्या दिव्याचा अख्खा करंट मीटरमधून गेला. १० वॉटचा बल्ब पाऊण अँपिअरच्या वर खातो आणि मीटरमधला फ्यूज २०० मिलिअँपिअरचा. तो तिथंच उडाला. त्यानंतर मीटर म्हणजे तुटलेली वायर! आकडा शून्य दाखवणारच. आणि रात्रभर बॅटरी गाडीपासून सुटीच राहिल्यामुळं सकाळी ठणठणीत. दार उघडं असून दिवा पेटलेला नाही, एवढं जरी दिसलं असतं तरी उमगलं असतं. पण दिवसाउजेडी छताकडं कोण बघतंय.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आईला नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला न्यायचं होतं. पहाटे पाचला आई साडी नेसून, पिशवीत तुळस घेऊन दारात उभी, आणि गाडी टक् टक्. शेवटी रिक्षा केली. आई काही बोलली नाही. येताना फक्त म्हणाली, “पायी दिंडीतनं गेलो असतो तर आधी पोचलो असतो.”

रात्री साडेनऊला बोळातली लाइट गेली होती. पोरगी खिडकीतून बघत होती, तिथूनच ओरडली, “पप्पा, गाडीत उदबत्ती कुणी लावलीय?” खाली जाऊन काचेला डोळा लावला. छतातल्या दिव्याच्या झाकणामागं एक बारीक लाल रेघ. बल्बची तार, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. दारं चारही बंद. उजेड म्हणावा एवढा नव्हताच. बोळातला दिवा चालू असता तर दिसलाही नसता.

मग मीटर तपासला. टॉर्चच्या सेलला बल्ब जोडून मध्ये मीटर लावला, तर बल्ब लागेना. फ्यूज उडालेला.

१८ जुलै, गुरुवार

दहा रुपयांचा फ्यूज टाकला. या वेळी लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घातली आणि दारं बंद असल्याची दोनदा खात्री केली. माझ्या मीटरवर त्या भोकाला फ्यूज नाही, तसं वरच छापलंय. तेव्हा काम झालं की पिन आधी मूळ जागी आणायची. ती तशीच ठेवून कुणी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलं तर दोन टर्मिनल सरळ जुळतील आणि वायर हातात वितळेल.

पहिली दोन-तीन मिनिटं आकडा वरखाली, मग ०.२७ वर स्थिरावला. पाव अँपिअर. दिवसाला साडेसहा एएच गेले. ३५ ची बॅटरी तीन दिवसांत स्टार्टर फिरवण्याच्या लायकीची राहणार नाही, हे गणित बरोबर जुळलं.

एकेक फ्यूज काढत गेलो. छतातल्या दिव्याचा आणि रेडिओचा फ्यूज एकच आहे. तो काढला की ०.०२. पुन्हा लावून दिव्याचा खटका ‘बंद’वर सरकवला, तरी ०.०२. रेडिओ सुटला, दिवाच चोर.

ज्यांना फक्त गाडी चालू राहायला हवी आहे त्यांनी इथंच थांबावं. खटका ‘बंद’वर ठेवा, बॅटरी टिकते. माझी आई मात्र रात्री उतरताना चप्पल अंधारात शोधते, म्हणून पुढं गेलो.

२० जुलै, शनिवार

दिवा उतरवला. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. झाकण जुन्या एटीएम कार्डानं एका बाजूनं उचकटलं, आत दोन स्क्रू, मागं तीन वायरींचा सॉकेट: कायमचे १२ व्होल्ट, अर्थिंग (निगेटिव्ह) आणि दारांच्या बटणांकडून येणारी वायर. बॅटरी जोडलेली असताना इथं स्क्रू ड्रायव्हर घालू नका. बल्बच्या दोन्ही पट्ट्या उघड्या आहेत. ड्रायव्हरनं त्या जोडल्या गेल्या तर बल्बला वळसा पडतो आणि अख्खी बॅटरी आतल्या मॉस्फेटवर (बल्ब चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका) येते. फ्यूज उडेपर्यंत तो राहत नाही.

दिव्याच्या पाठीवर काडेपेटीएवढी सर्किटची प्लेट. तिच्यावर एक चपटा मॉस्फेट, एक छोटा ट्रान्झिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पाच-सहा रेझिस्टन्स. मॉस्फेटच्या खाली प्लेट चहाच्या डागासारखी तपकिरी, त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत. प्लेटच्या कडेला हिरवट बुरशीसारखा थर. तो मी पाहिला, नखानं थोडा खरवडला आणि सोडून दिला. पुढचे सात-आठ दिवस गेले ते इथं.

मॉस्फेट का तापला हे सोपं आहे. पूर्ण चालू असताना त्याच्यावर काहीच व्होल्टेज पडत नाही, पूर्ण बंद असताना करंट नसतो. माझा मधेच अडकला होता. बल्बला जेमतेम सव्वा व्होल्ट मिळत होतं आणि उरलेले अकरा मॉस्फेट स्वतः खात होता. अकरा गुणिले पाव, पावणेतीन वॉट. नखाएवढ्या तुकड्याला चोवीस तास. तपकिरी होणारच.

यावरून मी काढलेला निष्कर्ष: मॉस्फेट गेला. मीटरनं तपासला तर शॉर्ट नव्हता, चांगलाच दाखवत होता. तरीही रंग बघून बदलायचं ठरवलं.

अधिकृत ठिकाणी विचारून ठेवलं: अख्खा दिवा १८५० रुपये, दहा-बारा दिवसांनी. भंगारातून त्याच गाडीचा एक दिवा ३०० ला मिळाला. घरी आणून उघडला तर आत प्लेटच नाही. स्वस्तातल्या मॉडेलला दार लावलं की दिवा लगेच विझायचा, त्याला प्लेट लागतच नाही. सॉकेट मात्र तोच. दुरुस्ती चालू असताना हा लावून ठेवला, काम भागलं. तसं बघितलं तर हाच कायमचा ठेवूनही चाललं असतं. पण आता इरेला पेटलो होतो.

शाहूपुरीतल्या दुकानात आयआरएफझेड४४एन मागितला. दुकानदारानं आयआरएलझेड४४एन दिला. “ह्यो त्याच्यापेक्षा भारी हाय, कमी व्होल्टला बी चालतो.” साठ रुपये. एका अक्षराचा फरक, मी मान डोलावली.

२१ जुलै, रविवार

जुना मॉस्फेट काढताना २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पुरेना. त्याची पाठ अख्खी तांब्यावर चिकटवलेली, उष्णता तिकडंच पळते. जोर लावला आणि एका पायाखालचं तांबं सोलून निघालं. तिथं बारीक वायर घालून जोड दिला. मित्राकडची ६० वॉटची इस्त्री आधीच आणायला हवी होती.

नवा मॉस्फेट तीन पायांचा उभा, जुना चपटा. पाय वाकवून आडवा बसवला. टेबलावर बॅटरीवर लावून पाहिला, सुंदर. गाडीत बसवला तर दिवा पूर्ण पेटलेला, विझायला तयार नाही. उतरवला की ठीक, बसवला की पेटला. असं चार वेळा. शेवटी डोक्यात आलं: या मॉस्फेटच्या धातूच्या पाठीला मधला पाय आतून जोडलेला असतो आणि ती पाठ छताच्या पत्र्याला टेकत होती. पत्रा म्हणजे अर्थ. पाठीवर स्लीव्ह चढवून वर टेप गुंडाळला.

आता दार लावल्यावर दिवा दहा सेकंद राहतो. आधी सहा होते. मला वाटलं, नवा मॉस्फेट भारी म्हणून जास्त वेळ. घरच्यांना बोलावून दाखवलंसुद्धा. गळती ०.०२.

२५ जुलै, गुरुवार

चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. पंचगंगा पात्राबाहेर, जो भेटेल तो राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतोय: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. मी खिडकीतून गाडीकडं बघतोय. दिवा परत पेटलाय. आणि या वेळी उदबत्ती नव्हे, निरांजन. मीटर: ०.४१. आधीपेक्षा जास्त.

नवा मॉस्फेट घातला आणि दुखणं वाढलं. रागानं खटका ‘बंद’ केला आणि झोपलो.

२७ जुलै, शनिवार

लक्ष्मीपुरीत एक टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. आता टीव्ही फारसे येत नाहीत, मिक्सर आणि इन्व्हर्टर येतात. भर पावसात प्लेट घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून प्लेट डोळ्याजवळ धरली.

“मॉस्फेट का बदललास?”

“काळा पडला होता.”

“आगीत उभा केल्यावर माणूस बी काळा पडतोय. आग कुठं हाय ते बघितलंस का?”

त्यांनी १२ व्होल्टचा सप्लाय जोडला, बल्ब लावला. दाराची वायर मोकळी, म्हणजे दार बंद. तरी बल्ब मंद पेटलेला. म्हणाले, गेटवर किती हाय बघ. गेट म्हणजे मॉस्फेटचा तो पाय, ज्यावरच्या व्होल्टेजनं तो उघडतो. मी माझा पिवळा मीटर लावला आणि गंमत झाली. पिन टेकवली की बल्ब विझतो, काढली की हळूहळू पेटतो. मी तीनदा करून पाहिलं. काका हसले. “तुझा मीटरच करंट पितोय लेका.” स्वस्त मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स एक मेगओहम असतो. गेटवरचा कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टन्स ४७० किलोओहम. म्हणजे मी मोजायला गेलो की गेटवरचं व्होल्टेज मीच जवळजवळ एक तृतीयांशानं खाली ओढत होतो. काकांचा मीटर दहा मेगओहमचा. त्यानं आकडा दाखवला: १.८.

दार बंद असताना तिथं शून्य हवं.

मग त्यांनी प्लेट तोंडाजवळ नेली आणि आरशावर टाकतात तसा ‘हाऽऽ’ करून वाफारा सोडला. १.८ चे २.६ झाले, बल्ब भसकन पेटला. ब्लोअरची गरम हवा मारली: २.१, १.५, ०.९, ०.३, शून्य. बल्ब विझला. परत हाऽऽ, परत पेटला. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक, मिक्सर हातात घेऊन, आमचा हा खेळ बघत उभं होतं.

तर दुखणं हे: गेटची तांब्याची बारीक रेघ आणि कायम १२ व्होल्ट असलेली जाड रेघ प्लेटच्या कडेला अगदी शेजारून जातात, मध्ये दीड मिलिमीटर. तो हिरवा थर नेमका तिथं. कोरडा असला की काही नाही, दमट झाला की १२ व्होल्टकडून गेटकडं थेंबथेंब करंट पाझरतो. ४७० किलोओहम तो पूर्ण ओढून टाकू शकत नाही आणि गेटवर दोन-अडीच व्होल्ट तरंगत राहतात. एवढ्यावर मॉस्फेट अर्धवट उघडतो.

माझ्या दोन्ही कोड्यांची उत्तरंही इथंच मिळाली. २१ तारखेला दिवा सुधारला तो मॉस्फेटमुळं नव्हे, इस्त्रीच्या उष्णतेनं प्लेट वाळली म्हणून. आणि तो ‘भारी’ मॉस्फेट: आयआरएफझेड४४एन गेटवर २ ते ४ व्होल्ट आल्यावर उघडायला लागतो, ‘एल’वाला १ ते २ वरच. कपॅसिटर तेवढ्या खाली उतरायला जास्त वेळ घेतो म्हणून सहाचे दहा सेकंद झाले, आणि तेवढ्याच ओलाव्याला तो जास्त उघडला. दहा सेकंद दिसले तेव्हाच शंका यायला हवी होती. मी घरच्यांना बोलावून दाखवत होतो.

काकांनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा माझ्याकडून.

२८ जुलै, रविवार

साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाव लिटर, १५० रुपये. जुना टूथब्रश. कपॅसिटर काढून टाकला कारण त्याच्या पोटाखालीही हिरवा थर शिरला होता. नवा पाच रुपयांचा बसवला. ब्रशनं घासायचं, पुसायचं, परत घासायचं, चार वेळा. मग भिंगातून बघितलं: दोन रेघांमधली जागा स्वच्छ, पण जाड रेघेची कड खाल्ल्यासारखी. चालेल. केस वाळवायच्या ड्रायरनं अर्धा तास वाळवली. मॉस्फेट पुन्हा बदलला, या वेळी दुकानात अक्षर न् अक्षर वाचून घेतला, ३० रुपये. ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स मोजला, शाबूत होता, त्याला हात लावला नाही. तो कमी किमतीचा घालून गळती दाबता आली असती, पण मग दिवाही लवकर विझला असता. शिवाय घाण तशीच राहून पुढं वाढली असती.

हाऽऽ केलं. शून्य. परत केलं. शून्य!

दोन चुका, एक होता होता राहिलेली आणि एक झालेली. पहिली टळली: प्लेटवर लेप म्हणून घरातलं सिलिकॉन लावणार होतो. नळी उघडली तर व्हिनेगरसारखा वास आला. काकांना फोन केला. “तो वास म्हंजे ॲसिड. तांबं खातंय ते. भांड्याच्या सिंकला लाव, प्लेटला नको.” मग बायकोचं रंगहीन नेलपॉलिश दोन हात दिलं, सॉकेटच्या पिना सोडून. यासाठी खास लॅकर मिळतो, तो मागवून लावणं जास्त बरं. मला धीर नव्हता.

दुसरी टळली नाही: दिव्याचं पारदर्शक झाकण पिवळं दिसतंय म्हणून थिनरचा बोळा फिरवला. प्लास्टिक दुधाळ झालं. भंगारातल्या दिव्याचं झाकण काढून लावलं. ते ३०० रुपये असे कामी आले.

बऱ्याच जणांनी मला सुचवलं की एलईडी बल्ब टाक, करंट कमी खाईल. खाईल, पण हे दुखणं तसंच राहील. काही मिलिअँपिअर गळतीवरसुद्धा एलईडी रात्रभर मिणमिणत बसेल. प्लेट साफ झाल्यावर हवा तर टाका.

३ ऑगस्ट, शनिवार

खरा प्रश्न शिल्लक: छतातल्या दिव्यात पाणी आलं कुठून? खिडक्या कधी उघड्या राहिल्या नव्हत्या.

दिवा काढल्यावर जे भोक दिसतं त्यातून हात घातला तर दोन बोटांवर अँटेनाचं नट लागतं. माझ्या गाडीत रेडिओची अँटेना छताच्या पुढच्या भागात, दिव्याच्या जवळजवळ डोक्यावरच आहे. पोरीचा शाळेतला पांढरा खडू घेतला आणि नटाभोवतीच्या पत्र्यावर आतून चांगला घासला. बाहेरून अँटेनाच्या बुडाशी तांब्यानं पाणी ओतत राहिलो. पोरगी आत मोबाइलची टॉर्च धरून. तिसऱ्या तांब्याला आतून आवाज आला, “पप्पा, रेघ आली!” खडूतून एक बारीक काळी रेघ नटापासून निघून भोकाच्या कडेला, आणि तिथं एक थेंब लोंबतोय. बरोबर प्लेटची हिरवी कड जिथं येते तिथं. थेंब मोठा व्हायला चार मिनिटं लागली, मग पडला.

अँटेनाच्या बुडाखालचं रबर काढलं तर बिस्किटासारखं दोन तुकडे झालं. बारा वर्षांचं ऊन. नवीन रबर ८० रुपये, पण अँटेनासकटच मिळेल असं एका ठिकाणी सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी सुटं मिळालं, तेव्हा दोन-तीन दुकानं फिरा. पत्र्यावर गंजाचं कडं होतं, ते पॉलिश पेपरनं घासून रंगाचा हात दिला, वाळल्यावर रबर, मग नट. नट आवळताना आईच्या वयाच्या माणसाला सांभाळावं तसं सांभाळा. मी एकदा जास्त आवळलं तर रबर एका बाजूनं बाहेर फुगलं, परत सैल करून बसवावं लागलं.

पुन्हा खडू, पुन्हा पाणी, दहा तांबे. खडू पांढराशुभ्र. मग नळाची पाइप लावून वीस मिनिटं. शेजारच्या काकू गॅलरीतून, “अवो, एवढा पाऊस पडतोय, वर आणि धुवायला काय झालंय?”

११ ऑगस्ट, रविवार

आठ दिवस दिवा ‘दार’वर. रोज रात्री मीटर: ०.०२. मधे दोन दिवस झोडपून पाऊस, तरी तेवढाच. बुधवारी लावलेली गाडी आज सकाळी पहिल्या झटक्यात. दिवा पुन्हा सहा सेकंदांवर आला.

खर्च एकदा मांडतो. खरोखर लागलेलं: मॉस्फेट ३०, कपॅसिटर ५, अल्कोहोल १५०, रबर ८०, स्लीव्ह आणि सोल्डर धरून तीनशेच्या आत. चुकांचे: बॅटरी ४३००, ‘भारी’ मॉस्फेट ६०, मीटरचा फ्यूज १०, भंगारातला दिवा ३०० (झाकण वसूल), एकादशीची रिक्षा जाऊन-येऊन ६००. बॅटरी आज ना उद्या घ्यावी लागलीच असती, पण घाई मीच केली. वेळ: हातातलं काम सगळं मिळून दोन दिवसांचं, बाकी वाट बघण्यात आणि चुकीच्या वाटेनं जाण्यात.

राहिलेलं एक: मागच्या डाव्या दाराच्या बटणाचं रबरही फाटलंय. पाणी तिथूनही आत जाऊ शकतं. दिवाळीच्या आधी बदलायचंय.

दुपारी आईला नंदवाळला नेऊन आणलं. एकादशी संपून महिना होत आला, देवळात पाच-सहा माणसं. आईनं निवांत दर्शन घेतलं, म्हणाली, “हे बरं झालं.” परत आल्यावर बोळात गाडी लावली, दार ढकललं आणि काचेला नाक लावून उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. विझला. हल्ली रोज असंच करतो. काकू वरून बघतात, पण आता काही विचारत नाहीत.